समई साडेसहाशेला गेली, आता काय?

पत्राचा गोषवारा: नाशिकच्या एक पन्नाशीतल्या वाचक ताई लिहितात. जुन्या नाशकातला त्यांच्या सासरचा वाडा पाडून तिथे इमारत उभी राहणार आहे आणि त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत तो रिकामा करून द्यायचा आहे. सासरे पूर्वीच गेले, सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. मागे उरलीत तांब्या-पितळेची भांडी, पन्नास-साठ साड्या (बऱ्याच नऊवारी, दोन पैठण्या), एक शिसवी कपाट आणि पायाचं शिवणयंत्र. पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीने सुचवलं म्हणून फेसबुकवरच्या जुन्या वस्तूंच्या ग्रुपवर त्यांनी लिलाव सुरू केले. पहिला लिलाव होता पितळी समयांच्या जोडीचा, जी सासूबाई दर गुरुवारी चिंच लावून घासायच्या. बोली शंभरापासून सुरू झाली, रात्री अकराला संपली, आणि ताईंनी 'साडेसहाशेला तुमची' असं लिहून टाकलं. सकाळी शेजारच्या काकू म्हणाल्या, 'अगं, तीन हजारांची वस्तू ती!' दुसऱ्या लिलावात साडीवर सगळ्यात मोठी बोली लावणाऱ्या बाई नंतर फोनच उचलेनात. लेक म्हणते, पुढच्या वेळी माझी मैत्रीण मधूनमधून बोली वाढवेल. धाकटे दीर संतापले आहेत: 'आईच्या वस्तूंचा लिलाव मांडलाय, तोही पितृपक्षात.' नणंद गप्प आहे. ताई विचारतात: समई द्यायलाच हवी का? लिलाव चालू ठेवावेत, की सगळं बोहारणीला आणि मोडीत देऊन मोकळं व्हावं? घरातलं बोलणं कसं थांबवावं? आणि यजमानांना काळजी टॅक्सची आहे.

ताई, नमस्कार.

आधी समईचं बोलू, कारण ती घेणाऱ्या बाई वाट बघत असतील. जोडी त्यांना साडेसहाशेलाच द्या, आणि या आठवड्यातच द्या. शंभरापासून बोली तुम्हीच मांडली, वेळ तुम्हीच ठरवली आणि वेळ संपल्यावर 'तुमची' असंही तुम्हीच लिहिलंत. १९३० च्या वस्तुविक्री कायद्यात लिलावासाठी वेगळं कलम आहे. विकणाऱ्याने हातोडा आपटून किंवा दुसऱ्या रूढ पद्धतीने विक्री झाल्याचं जाहीर केलं की व्यवहार पूर्ण झाला, असं ते सांगतं. तोपर्यंत बोली लावणाऱ्यालाही माघार घेता येते. साडेसहाशे रुपयांसाठी कुणी कोर्टाची पायरी चढणार नाही हे खरं, पण तुम्हाला त्याच ग्रुपवर अजून साड्या, कपाट, यंत्र विकायचं आहे. पहिल्याच वस्तूला शब्द फिरवलात तर पुढच्या प्रत्येक बोलीखाली त्याची आठवण निघेल. आणि त्या बाईंचं काही चुकलेलं नाही.

आता काकूंच्या तीन हजारांकडे येते. त्यांनी तो आकडा कुठून आणला असेल? बहुधा भांडी बाजारातल्या नव्या जोडीच्या भावावरून. नवी वस्तू दुकानातून विकत घ्यायची किंमत वेगळी, तीच वस्तू घरातून विकताना मिळणारी वेगळी आणि मोडीत घालताना मिळणारी आणखी वेगळी. तुम्ही पहिलीशी तुलना करून हळहळताय. तुलना करायचीच तर तिसरीशी करा. समयांचं वजन तुम्ही कळवलेलं नाही, बहुतेक केलंच नसेल. लिलावाआधी वजन करायला हवं होतं. मोडीचा त्या दिवसाचा दर विचारायचा, घट किती धरतात तेही विचारायचं, वजनाने गुणायचं, आणि जो आकडा येईल त्याच्या खाली बोली सुरूच करायची नाही. पितळ, तांबं, कासं या कशालाच.

तुमच्या पत्रात एक समजूत आहे आणि ती बहुतेकांची असते: लिलाव केला की वस्तूची खरी किंमत आपोआप कळते. लासलगावला किंवा पिंपळगावला कांद्याचा लिलाव पाहिलाय का तुम्ही? ट्रॅक्टर रांगेने उभे असतात, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीकडून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकतो, कांदा हातात घेऊन बघतो, बोली होते. कांदा तोच असला तरी त्या दिवशी घोळक्यात किती जण आहेत आणि त्यांतल्या किती जणांना खरंच माल हवाय, यावर भाव हलतो. भाव पटला नाही तर शेतकरी 'नाही' म्हणू शकतो. तुमच्या लिलावात घोळका नव्हता आणि 'नाही' म्हणायची सोयही तुम्ही ठेवली नव्हती.

असं बघा. शेवटी मैदानात दोघी उरल्या असतील. एकीने सहाशेला हात टेकले. दुसरीची तयारी दोन हजारांची असू शकते, पण तिला साडेसहाशेच्या पुढे जायची गरजच पडली नाही. म्हणजे जिंकणारीला वस्तू किती हवी होती हे लिलावात दिसत नाही, हरणारी कुठे थांबली तेवढंच दिसतं. विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली लिलावांच्या अभ्यासात याच दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर नेमकं बोट ठेवलं होतं. पुढे १९९६ चं नोबेल त्यांना मिळालं. ईबेसारख्या साइटवर गिऱ्हाईक आपली कमाल रक्कम गुपचूप भरून ठेवतं आणि यंत्रणा त्याच्या वतीने दुसऱ्यापेक्षा एक पायरीच वर बोली लावते, त्यामागे हेच तत्त्व आहे. तिथे भाव चढायला एक हौशी गिऱ्हाईक पुरत नाही, निदान दोन लागतात.

आणि ते दोन जमवणं आपल्याकडे आता सोपं राहिलेलं नाही. २००४ मध्ये ईबेने बाझी डॉट कॉम ही इथली लिलावाची साइट विकत घेतली, तेव्हा घरबसल्या बोली लावायचं बरंच वेड होतं. ईबेची भारतातली साइट २०१८ मध्ये बंद झाली. त्यानंतर घरगुती जुन्या वस्तूंसाठी देशभरची गर्दी एका जागी जमेल असं लिलावाचं मोठं ठिकाण उरलं नाही. ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर किंमत लिहून जाहिरात टाकायची असते, पुढे घासाघीस. बाकी आहेत ते तुमच्यासारखे ग्रुप, जिथे लोक कॉमेंटमध्ये बोली लिहितात. अशा ग्रुपात सभासद हजारो असले तरी रात्री अकराला पितळी समई शोधत बसलेले किती?

त्यातही तुम्ही पंधरवडा गाठलात पितरांचा. पितृपक्षात आपल्याकडे लोक खरेदी टाळतात, आणि देवापुढे लावायची वस्तू तर नक्कीच. तीच जोडी घटस्थापनेच्या तोंडावर, रविवारी संध्याकाळी, वजन-उंची लिहून, पेटवलेल्या वातीसह फोटो काढून मांडली असती तर बोली लावणारे जास्त आले असते, याबद्दल मला शंका नाही. दीर म्हणतात ते त्यांच्या भावनेतून, पण बाजाराच्या हिशेबानेही ती वेळ चुकलीच होती.

मग लिलाव करायचा कशाचा? माझं मत ठाम आहे: ज्या वस्तूची किंमत सहज ठरवता येते तिचा लिलाव करू नये. शिवणयंत्र, स्टीलचे डबे, कुकर, मिक्सर, चादरी, पाचवारी साड्या यांचे भाव चार जाहिराती चाळल्या की कळतात. फक्त जाहिरातीतला आकडा हा मागितलेला असतो, मिळालेला नव्हे, म्हणून विकणाऱ्याला 'शेवटी कितीला गेलं?' असं सरळ विचारावं. बरेच जण सांगतात. किंमत लिहा, थोडी घासाघीस धरून लिहा, आणि विका. आज ईबेवरसुद्धा बहुतेक विक्री ठरलेल्या किमतीनेच होते. लिलाव ठेवा तो अशा दोन-चार वस्तूंसाठी, ज्यांना ठरीव भाव नाही पण ज्यांच्यामागे दोन-तीन शौकीन नक्की लागतील. तुमच्या यादीत तशा मला दिसतात त्या पैठण्या, आणि जुनी ठोक्याची तांब्याची भांडी असतील तर ती.

आणि तो लिलाव राखीव किमतीनेच करा. म्हणजे आधीच लिहायचं, 'अमुक रकमेच्या खाली देणार नाही.' कायद्याला ते मान्य आहे, त्यात लाज नाही, आणि उगाच गंमत म्हणून बोली लावणारेही त्यामुळे दूर राहतात. वेळ संपण्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर वेळ पाच मिनिटांनी पुढे जाईल, हेही लिहा. नाहीतर दहा वाजून एकोणसाठ मिनिटांची वाट बघत बसणारे असतातच, आणि जिला खरंच घ्यायचं होतं ती हात चोळत राहते.

लेकीला मात्र सांगा, मैत्रिणीची बोली नको. तिने तुमच्या मायेपोटी सुचवलंय, पण खोटी बोली लावून भाव वाढवला तर घेणाऱ्याला तो व्यवहार मोडता येतो, असं त्याच लिलावाच्या कलमात स्पष्ट म्हटलंय. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्याला साडी घेणाऱ्या बाई ज्या विश्वासाने बोली लावतात त्याच विश्वासावर आपण दुसरीकडे वस्तू घेतो. भाव पडू नये ही तिची इच्छा राखीव किंमत पूर्ण करते. त्यासाठी कुणाला फसवायची गरज पडत नाही.

फोन न उचलणाऱ्या बाईंचा राग सोडून द्या. ग्रुपवर त्यांचं नाव घेऊन बोलू नका. पुढच्या वेळी नियमच लिहा की चोवीस तासांत पैसे आले नाहीत तर वस्तू दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीला दिली जाईल. आत्ताही त्या साडीच्या दुसऱ्या बोलीवाल्या बाईंना त्यांच्याच रकमेला विचारा. बहुतेक वेळा त्या आनंदाने घेतात.

आता घरातलं. इथे मला तुम्हाला थोडं अडवावंसं वाटतं. दिरांचं बोलणं तुम्ही 'टोमणे' म्हणून लिहिलंय आणि ते थांबवायचे कसे असं विचारलंय. पण ताई, या वस्तू कुणाच्या, हे ठरलंय का? सासूबाईंनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे त्यांच्या वस्तूंवर पहिला हक्क मुलगे, मुली आणि पती यांचा, सगळ्यांचा सारखा. सासरे आता नाहीत. म्हणजे तुमचे यजमान, दीर आणि नणंद असे तिघे वारस झाले. सून त्या यादीत नाही. सासूबाईंचं आजारपण तुम्ही काढलंत, वाडा आवरायचं कामही तुमच्याच अंगावर पडलंय हे पत्रातून दिसतं, आणि कायद्यात त्याची नोंद नाही हे तुम्हाला लागेल. तरी सांगायला हवं, कारण उद्या पैठणी चांगल्या किमतीला गेली तर प्रश्न निघेल आणि तेव्हा तुम्ही एकट्या पडाल.

नणंद गप्प आहे याचा अर्थ तिची संमती आहे असा धरू नका. माहेरच्या वस्तूबद्दल बोलायला लेकीला अवघड वाटतं. 'मागायला आली' असं कुणी म्हणेल या भीतीने ती गप्प बसते. तिला फोन करून सरळ विचारा, 'वन्सं, आईंचं काय हवंय तुम्हाला? येऊन बघा.' विचारणारी तुम्ही असलात तर तिला सोपं जाईल. दिरांनाही तसंच बोलवा. एक दिवस ठरवून सगळ्यांनी वाड्यावर बसायचं, आणि त्या दिवशी विक्रीचा विषय काढायचाच नाही. आधी कुणाला काय न्यायचंय ते निघू दे. जे उरेल त्याची यादी करा, विकून येणाऱ्या पैशाचं काय करायचं ते तिघा वारसांनी ठरवावं, आणि घरच्या ग्रुपवर ते लिहून ठेवा. माझ्या मते तुमच्या कष्टाचाही त्यात वाटा धरायला हवा. हे यजमानांनी बोलावं. तुमच्या तोंडून ते बरं दिसणार नाही आणि त्यांच्या तोंडून शोभेल.

भांडी काढाल तेव्हा प्रत्येक भांडं उलटं करून, काठाला बोट फिरवून बघा. आपल्याकडे भांड्यावर नावं घालायची पद्धत होती. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं, 'चि. सौ. कां. हिच्या विवाहाप्रीत्यर्थ', 'मामांकडून', कधी तारीख, कधी गावाचं नाव. पन्नास-साठ वर्षांच्या घासण्याने ती पुसट झालेली असतात, तिरक्या उजेडात धरली की वाचता येतात. ही भांडी बाजूला काढा. विक्रीत नाव असलेल्या भांड्याला बहुतेकदा कमीच भाव येतो, कारण दुसऱ्याच्या नावाचं भांडं वापरायला लोक का-कू करतात, आणि मोडीत तर नावाला काहीच अर्थ नसतो. घरच्यांना मात्र त्याच भांड्यांचं मोल जास्त. दिरांना आईच्या लग्नातला तांब्या मिळाला तर बाकीच्या पातेल्यांवर त्यांचा रुसवा फार टिकेल असं मला वाटत नाही. काही नावांची भांडी विकायचीच ठरली तर फोटोत नाव आणि गाव दिसणार नाही याची काळजी घ्या.

साड्यांबद्दल सविस्तर लिहिते, कारण नुकसान सर्वात जास्त तिथे होतं. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून राहिली की घडीवर विरते. खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरा, घडीच्या रेषेत उजेड झिरपला तर समजा. तसं असेल तर जाहिरातीत स्पष्ट लिहा आणि त्या जागेचा फोटो टाका. डाग, रफू, डांबरगोळीचा वास, जर काळवंडली असेल तर तेही. दोष आधी सांगितलेली साडी कमी किमतीला जाते पण परत येत नाही. फोटोआधी सावलीत दोन दिवस वाऱ्यावर टाका, उन्हात नको.

पैठण्यांचा पदर उलटा करून बघा. हातमागावरच्या पैठणीचे मोर, पोपट, वेलबुट्टी मागच्या बाजूनेही जवळजवळ तितकीच स्वच्छ दिसतात. यंत्रावरच्या नक्षीत मागे सुट्या धाग्यांचे पट्टे लोंबतात. हातमागाच्या निघाल्या तर विकण्याआधी एकदा येवल्याला घेऊन जा. आपल्याच जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या विणणारी घरं आहेत, त्यांना नुसती दाखवली तरी अंदाज येईल. आणि दारावर 'जुनी जर घेतो' म्हणत येणाऱ्यांना या दोन साड्या देऊ नका. जुन्या अस्सल जरीत चांदीची तार असते, ती वितळवून चांदी काढायची म्हणून ते साडी तोलून घेतात. तुमच्या हाती पडतात ते जरीचे पैसे, विणीचे काहीच नाहीत. कापड धड असेल तर ती साडी म्हणूनच विका. कापड गेलं असेल तर काठ-पदर सोडवून नव्या कापडावर लावून घेणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, काठ-पदर वेगळे विकले तरी चालतात.

नऊवारींना गिऱ्हाईक आहे. शिवलेली नऊवारी करून विकणाऱ्या शिंपिणी, नाचाचे क्लास चालवणाऱ्या बायका आणि नाटकाचे कपडे भाड्याने देणारे त्या घेतात. एकेक साडी मांडत बसलात तर पौर्णिमा उजाडेल. पाच-पाचचे गठ्ठे करा, एका किमतीला द्या. मऊ पडलेली सुती लुगडी तर विकूच नका असं मी म्हणेन. त्यांचे चारशे रुपयेही येणार नाहीत. त्यांच्या गोधड्या शिवून घ्या, एक दिरांकडे, एक नणंदेकडे, एक लेकीला पुण्याला. आणि बोहारणीबद्दल तुमच्या पत्रात थोडा कमीपणाचा सूर आहे, तो सोडा. नायलॉनच्या, रंग गेलेल्या साड्या, शर्ट-पँटी यांना इंटरनेटवर कुणी विचारत नाही. तिला मात्र कुठलं कापड पुन्हा विकलं जाईल आणि कुठलं पुसायला जाईल हे हात लावताच कळतं. भांड्याच्या मोहात न पडता तिच्याशी पैशांत बोला, दोघींना परवडतं.

कपाटासाठी उंची-रुंदी-खोली मोजून लिहा, आणि जिन्याचीही रुंदी लिहा. वाड्याच्या अरुंद जिन्यातून शिसवी कपाट उतरवायचं तर ते सुटं करावं लागेल. सुतार कुणी आणायचा, छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, कुणी ठरवायचा, हे आधी बोलून घ्या. पैसे खात्यात आल्याशिवाय कपाट जागचं हलवू देऊ नका. कुरियरने पाठवायच्या वस्तूंचं एक लक्षात ठेवा: मोठ्या पण हलक्या खोक्याचे पैसे आकारमानावर घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागतात आणि येईल तेवढे किलो धरतात. म्हणून समई, घंगाळ वगैरे शक्यतो नाशकातच द्या. साड्या स्पीड पोस्टने बिनधास्त पाठवा.

अशा वस्तू विकणाऱ्या बायकांना एक फोन हमखास येतो. 'मॅडम, मी आर्मीत आहे, देवळाली कॅम्पला आहे, बदली झालीय, वस्तू बघायला येता येत नाही, पैसे आत्ताच पाठवतो.' घासाघीस नाही, ओळखपत्राचा फोटोही पाठवतात. आपल्या गावात तोफखान्याची केंद्रं असल्याने ते खरंही वाटतं. मग एक क्यूआर कोड येतो: 'हा स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.' पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, कोड स्कॅनही करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आला तरी आपल्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसेपर्यंत वस्तू देऊ नका. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर तितके पैसे हातचे जातात. आणि वाडा रिकामा होतोय, तिथे रात्री कुणी नसतं, हे जाहिरातीत किंवा फोटोत उघड करू नका. लहान वस्तू द्यायला रविवार कारंजासारख्या वर्दळीच्या जागी दिवसा भेटा, बरोबर कुणीतरी घ्या.

माळा काढाल तेव्हा काही वस्तू विक्रीतून सरळ वगळायला लागतील. हस्तिदंताची डबी किंवा बांगड्या, हरणाचं-काळविटाचं शिंग, कातडं, यांची विक्री १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग ते पणजोबांच्या काळचं का असेना. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी, कोरीवकाम आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखित पोथ्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकतात. त्या आपल्याला परदेशात पाठवता येत नाहीत, आणि त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. परदेशातून कुणी मोठी बोली लावली तर हे विशेष आठवा. असं काही सापडलं तर आधी जाणकाराला दाखवा. आणि बिल्डरचा करारनामा काढून एक ओळ शोधा: वाड्याचे सागवानी खांब, तुळया, दरवाजे कुणाचे? पाडकामात निघणारं लाकूड तुमचं असं लिहिलेलं नसेल तर ते पाडणाऱ्याच्या गाडीत जाईल, आणि त्याची किंमत तुमच्या सगळ्या भांड्यांपेक्षा जास्त असू शकते. पत्रात त्याचा उल्लेखच नाही म्हणून मला राहवलं नाही.

यजमानांना सांगा, घरात वापरलेले कपडे, भांडी, फर्निचर विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही; आयकराच्या दृष्टीने त्या वैयक्तिक वापराच्या वस्तू आहेत. दागिने, चित्रं, शिल्पं आणि पुराणवस्तूंचे संग्रह यांना ही सूट नाही, ते विकणार असाल तर सीएला विचारा. यातून गोडी लागून दुसऱ्यांकडून साड्या घेऊन विकायला लागलात तर तो व्यवसाय झाला, त्याचे नियम वेगळे.

वेळेचं असं करा. सर्वपित्री होऊन जाऊ दे, तोवर काहीच मांडू नका. ते दिवस वारसांच्या बैठकीला, वजनाला आणि फोटोंना द्या. नवरात्रात पैठण्या आणि नऊवारी काढा, तेव्हा साड्यांकडे बायकांचं लक्ष असतं. तांब्या-पितळेचं धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात मांडा. कपाट आणि यंत्र दीर-नणंदेला नकोय ना, एवढं फोनवर विचारून त्यांची जाहिरात मात्र उद्याच टाका, जड वस्तूंना गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो. भाऊबीज झाली की जे उरलं असेल त्याची किंमत वाढवण्याच्या नादी लागू नका. धातू भांडी बाजारात, कापड बोहारणीला, आणि पौर्णिमेच्या दोन दिवस आधी किल्ली.